मदत हवी आहे: १०८ने आलेल्या अपघातग्रस्तांची तुलना कशी करावी?

सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर प्रबंधाचं काम करतेय. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखापर्यंतच्या, सात दिवसांच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली. तिच्या आधी आणि नंतर एका जिल्हा रुग्णालयात जखमी किती वेळात पोचले आणि पुढे त्यांचं काय झालं, हे बघायचंय. नैतिक समितीची परवानगी मिळाली आहे. नावं काढून टाकलेले केसपेपर हातात आहेत.

गाडं अडलंय ते इथे. १०८ने आलेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसतात, रिक्षा-जीपने आलेल्यांमध्ये कमी. अर्थ उघड आहे, जास्त गंभीर माणसालाच रुग्णवाहिका बोलावतात. म्हणजे आधी गंभीरता जुळवायला हवी. आरटीएस (शुद्ध, रक्तदाब आणि श्वसनाचा वेग यांवरून गंभीरता मोजणारा स्कोअर) काढायला गेले, तर श्वसनाचा वेग अर्ध्याअधिक कागदांवर नाहीच (किंवा सगळ्यांचा सरसकट २०!). जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारा स्कोअर), वय आणि वरचा रक्तदाब मात्र बऱ्यापैकी नोंदलेला आहे, म्हणून या तिन्हींवरून निघणारा गॅप स्कोअर वापरायचा विचार आहे. आयएसएस (शरीराच्या कुठल्या भागाला किती इजा झाली, यावरून काढायचा स्कोअर) सुचवू नका, सीटी सगळ्यांचे झालेले नाहीत.

दुसरी अडचण ग्रामीण रुग्णालयातून रेफर होऊन आलेल्यांची. त्यांचा पहिला तास तिकडेच गेलेला असतो. गाइड म्हणतात, वगळून टाक. पण मग सगळ्यात लांबच्या गावांतले जखमीच अभ्यासातून बाहेर पडतात, ते मला पटत नाही.

आपल्याकडच्या केसपेपरवर गॅप कुणी वापरलाय का? आणि रेफर केसेस वेगळा गट म्हणून ठेवल्या, तर त्यांची वेळ अपघातापासून धरायची की पहिल्या रुग्णालयातल्या नोंदीपासून?