मदत हवी आहे: ॲलिसन हेझच्या सिनेमाची १६ मिमी प्रिंट कोणत्या आवृत्तीची?

ॲलिसन हेझवरच्या कार्यक्रमात ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ (१९५८) दाखवायचा आहे. १९४९च्या मिस अमेरिका स्पर्धेत वॉशिंग्टन डी.सी.कडून उतरलेली ही नटी १९५४मध्ये युनिव्हर्सलच्या चित्रपटांत आली, पण नाव झालं ते स्वस्तातल्या भयपटांमुळे. १९५७मध्येच ‘द अनडेड’, ‘द अनअर्थली’ असे ओळीने आले. अभिनय मात्र चित्रपटांपेक्षा सरस, हे माझं ठाम मत.

अडचण अशी: मूळ चित्रपट ६६ मिनिटांचा, टीव्हीसाठी काही दृश्यं पुन्हा दाखवून ताणलेला ७५ मिनिटांचा. माझ्याकडच्या प्रिंटच्या डब्यावर लांबी लिहिलेली नाही. १६ मिमी फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते, म्हणजे २३७६ किंवा २७०० फूट. रिळाच्या जाडीवरून अंदाज फसतो, कारण गुंडाळी सैल-घट्ट असते आणि लीडर (सुरुवाती-शेवटाला जोडलेली चित्र नसलेली पट्टी) हाही त्यात मोजला जातो.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे फिल्म खराब होऊन आकसू लागली असावी, म्हणून प्रोजेक्टरवर चढवलेली नाही. आकसलेल्या फिल्मची कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांत फाटतात.

पुणे-मुंबईत फूट मोजणारा काउंटर असलेलं हाताचं रिवाइंड टेबल कुठे मिळेल? आणि टीव्ही आवृत्तीत नेमकी कोणती दृश्यं दोनदा येतात? तेवढ्यावरूनही ओळख पटेल.