मदत हवी आहे: ली-एनफील्ड नंबर ४ टी (दुर्बीण बसवलेली ब्रिटिश स्नायपर रायफल) अस्सल की नंतर जुळवलेली?

विकत घेण्याआधी तपासत असलेली रायफल १९४४ची, बीएसए या कारखान्याच्या एम४७सी खुणेची. डाव्या बाजूला 'टी' आणि दस्त्याच्या सॉकेटवर (दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावर) 'टीआर' हे स्नायपर रायफलीचे दोन्ही ठसे आहेत. दुर्बिणीच्या ब्रॅकेटवरचा क्रमांक रायफलच्या क्रमांकाशी जुळतो. अडचण दस्त्याची आहे. मनगटाच्या (दस्त्याच्या बारीक, हातात धरायच्या भागाच्या) वरच्या बाजूला कोरलेला दुर्बिणीचा क्रमांक बसवलेल्या दुर्बिणीच्या क्रमांकाहून वेगळा आहे. बसवलेली दुर्बीण नंबर ३२ मार्क ३ आहे. दस्त्याखाली दुर्बीण बसवणाऱ्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीचा 'एस५१' ठसाही दिसत नाही, पण लाकूड घासलेलं वाटतं, त्यामुळे तो पुसला गेला असण्याची शक्यता आहे.

ठसे भिंगातून पाहिले: कडांवर नवी चमक नाही, काळेपणा ठशाच्या आतपर्यंत सारखा आहे. पुढच्या पॅडचा (ब्रॅकेट ज्यावर बसतं त्या रायफलीवरच्या धातूच्या तुकड्याचा) एक स्क्रू मात्र बदललेला वाटतो. पॅड उघडायची परवानगी नाही, गोळी झाडून पाहता येणार नाही. ब्रॅकेट जुळतं म्हणून रायफल अस्सल मानायला माझा कल आहे, तरी क्रमांक नव्यानेही मारता येतो.

पॅड न काढता, मूळ बसवणी आणि नंतर भोकं पाडून केलेली बसवणी यांतला फरक नेमका कुठे दिसतो? आणि रायफल अस्सल पण दुर्बीण बदललेली असेल, तर किंमत किती टक्के कमी धरावी?