अर्धांगवायूनंतरचे ८ महिने : बाबांच्या "कधी?"ला काय उत्तर देऊ?

नमस्कार. बाबांना (वय ६३) ८ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, त्यामुळे उजवा हात-पाय आणि बोलणं दोन्हींवर परिणाम झाला. समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. १ ते २० आकडे घडाघडा म्हणतात आणि पाणी हवं असलं की तोंडातून 'नाही' निघतं. चुकीचा शब्द आला हे त्यांनाही कळतं. ते बघवत नाही.

पहिले ३ महिने दर आठवड्याला काहीतरी नवीन व्हायचं. आधाराशिवाय बसले, उभे राहिले, काठी घेऊन चार पावलं टाकली. आम्ही त्या वेगाला सरावलो आणि मग तो वेगच मंदावला. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं असंच होतं. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त दिसते, पुढेही होते पण हळूहळू. मेंदूचा शाबूत भाग गेलेलं काम शिकत असतो आणि त्याला रोजचा सराव लागतो. मला पटलं. बाबांना नाही.

पाय बराच सुधारलाय, हात मागे राहिलाय. बोटं मिटतात, उघडत नाहीत. डाव्या हाताने उजवा हात उचलून ते माझ्यापुढे धरतात आणि भुवया उंचावतात. म्हणजे, कधी? आधी मी "लवकरच" म्हणायचे. आता ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि हात मांडीवर ठेवून देतात. खोटं बोलायचं नाही आणि त्यांची उमेदही मोडायची नाही, असं वाक्य मला सापडत नाहीये.

माझी एक चूक झाली. प्रगती कळावी म्हणून दर महिन्याला चालतानाचा व्हिडिओ काढत होते. पहिला आणि आत्ताचा, दोन्ही हौसेने दाखवले. आम्हाला दोन्हींतला फरक दिसत होता, त्यांना मात्र आपण कसे चालतो हे पहिल्यांदाच दिसलं. खूप रडले. दोन दिवस व्यायामाला उठले नाहीत.

त्यातल्या त्यात एक गोष्ट जमली ती आईला. "अहो, एवढं टोक धरा," म्हणून तिने टॉवेल पुढे केला. उजव्या हाताने टोक नुसतं दाबून ठेवायचं, डाव्याने घडी घालायची. आता रोजच्या घड्या तेच घालतात, न सांगता.

ज्यांच्या घरी हा काळ गेला आहे त्यांना विचारायचंय, वर्षभरानंतर तुमच्याकडे काय सुधारलं? अगदी बारीकसं असलं तरी सांगा. "अमका तर दोन महिन्यांत कामावर गेला" म्हणणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही कसं थांबवलंत? आणि तीन आठवड्यांपासून त्यांची झोप, जेवण, दोन्ही कमी झालंय. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत, हे मला माहीत आहे. या आठवड्यात डॉक्टरांकडे नेणार आहे, पण त्याचं नाव काढलं की बाबा मान फिरवतात. तुम्ही कसं समजावलंत?

उत्तरं त्यांनाही वाचून दाखवणार आहे. वाक्यं छोटी ठेवलीत तर त्यांना समजायला सोपं जाईल.