मदत हवी आहे: उबुंटू अपग्रेडनंतर नेक्स्टक्लाउड उघडत नाही

मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. जकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) सगळ्या डिझाइन फायली ऑफिसातल्याच सर्व्हरवर, नेक्स्टक्लाउड २७ (स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं सॉफ्टवेअर) मध्ये असतात. सर्व्हर उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) २२.०४ वरून २४.०४ वर नेला आणि नेक्स्टक्लाउड बंद पडलं.

ब्राउझरमध्ये एवढंच येतं: ही आवृत्ती पीएचपी ८.३ किंवा पुढच्याशी सुसंगत नाही. कारण कळलंय: नेक्स्टक्लाउड पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं. २२.०४ सोबत पीएचपी ८.१ होतं, २४.०४ सोबत ८.३ येतं आणि नेक्स्टक्लाउड २७ ला ८.२ पर्यंतच चालतं. ओसीसी कमांडही (नेक्स्टक्लाउड टर्मिनलवरून चालवायची) याच एररवर अडते, त्यामुळे तिच्यातून मेंटेनन्स मोडसुद्धा (दुरुस्तीपुरतं वापरकर्त्यांना थांबवणं) लावता येत नाही.

दोन रस्ते दिसतात. ओंद्रे पीपीए (पीएचपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या देणारा उबुंटूबाहेरचा पॅकेज-साठा) जोडून पीएचपी ८.२ टाकायचं, अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ८.३ चं मॉड्यूल बंद करून ८.२ चं सुरू करायचं आणि मग अपडेटरने २८ वर जायचं. नाहीतर कॉन्फिग आणि डेटा तसाच ठेवून २८ च्या फायली हाताने बसवायच्या, कारण २८ ला ८.३ चालतं. (मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही, म्हणून थेट २९ नको.) मला पहिला रस्ता सुरक्षित वाटतो.

डेटा फोल्डर शाबूत आहे, मारियाडीबी डेटाबेसचा डंपही (बॅकअप प्रत) काढलाय. पण डेटा फोल्डरमध्ये वडिलांनी ग्राफ पेपरवर रंगवलेल्या नक्ष्यांचे स्कॅन आहेत आणि मूळ कागद आता राहिलेले नाहीत. म्हणून घाई नको वाटते.

हे कुणी प्रत्यक्ष केलंय का? ८.२ सोबत जीडी, झिप, इंटल, मायएसक्यूएल ही एक्स्टेन्शन्स (पीएचपीचे जोड-भाग) वेगळी टाकावी लागतात का? कुठला रस्ता धरू?