स्टँडअपमधल्या शिव्या: तुमचा अनुभव काय?

डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत एआयबी या विनोदी गटाचा रोस्ट (पाहुण्यांची जाहीर, शिवराळ टिंगल) झाला आणि पुढे गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटंट’ या विनोदी वेब शोवरून पुन्हा तसाच गदारोळ, सगळे भाग यूट्यूबवरून गायब. दोन्ही वेळा बोलले ते पोलीस, पुढारी आणि वृत्तवाहिन्या. तिकीट काढून समोर बसणाऱ्याचं म्हणणं राहूनच गेलं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. बंदी मला नको. पण शिवी काढून घेतली तर खाली विनोद उरतो का, हे मी दर वेळी बघते, आणि बरेचदा काही उरत नाही. तुम्ही सादर करत असाल, बघत असाल, आयोजन करत असाल, तर घडलेलं लिहा. नुसती मतं नकोत.

पुणे, ओपन माइक करतो

ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टेजवर जायच्या कार्यक्रमाला, चार-पाच मिनिटं मिळतात. समोर निम्मे लोक म्हणजे आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे कॉमिक, ते सहसा हसत नाहीत. अशा वेळी शिवी आधाराला येते. पंच, म्हणजे जोकची हशा आणणारी ओळ, पडला नाही तरी शिवीवर कुणीतरी खिदळतंच आणि ती भयाण शांतता टळते.

माझा एक जोक होता. मी दुपारी उठतो, बाबा शिवी घालतात, तीच शिवी म्हणजे पंच. माइकला चालायचा. मग एका सोसायटीच्या गणपतीत बोलावणं आलं, पुढच्या रांगेत सगळ्या आज्या. शिवी काढली तर जोकला शेवटच नाही. शेवटी बाबा खरंच चिडले की काय करतात, ते आठवलं. ते शिवी देतच नाहीत, अहो-जाहोवर येतात. “या साहेब. झाली का झोप? चहा घेणार, की एकदम जेवायलाच बसताय?”

मंडप उसळला. असं बोलणारा बाप प्रत्येकाच्या घरात आहे. आता माइकलाही हेच करतो आणि शिवीला यायचा त्याहून मोठा हशा येतो. फक्त “साहेब” म्हटल्यावर क्षणभर थांबावं लागतं. तिथे घाई केली की जोक गेला.

कोल्हापूर

पुणेकर भावा, जोक झकास. पण आमच्याकडं जिवाभावाचा दोस्त शिवीशिवाय हाक मारत न्हाई. तालमीत तसंच, रंकाळ्यावर तसंच. तोच माणूस स्टेजवर जाऊन “अरे मित्रा” म्हणाला तर खोटं वाटतंय. आमच्या पेठंतल्या एका पोरानं गल्लीतली भाषा जशीच्या तशी स्टेजवर नेली, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी आपलं बोलतंय.

आता दुसरी बाजू. आमच्या आजोबांनी तमाशे लई बघितले. ते सांगायचे, गवळणीत मावशी आणि सोंगाड्याची जुंपली की शब्द साधाच असायचा, अर्थ दुसरा. कळला त्याला कळला. दादा कोंडके त्याच वळणाचे. त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला, गिनीजमध्ये नोंद आहे. नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आणि तिकिटाच्या रांगेतही बरेच उभे असणार.

ठाणे, आयटीत नोकरी

मला शिवीचा त्रास शब्द म्हणून होत नाही. ऑफिसात दिवसभर ऐकते. त्रास होतो तो ती नेमकी कुणावर पडते याचा. एका शोला आम्ही सहकारी मिळून गेलो होतो. कॉमिकने क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी बोलून विनोद करणं, सुरू केलं, पुढे बसलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याशी गप्पा मारत राहिला आणि सगळे विनोद बायकोच्या शरीरावर. एकाही वाक्यात शिवी नव्हती, पोस्टरवर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं. ती बाई हसत होती, पण पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी तिच्या मागेच होते, मला तेवढंच दिसत होतं. आमचा सगळा ग्रुप टाळ्या वाजवत होता. मी मध्येच उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका मुलीचा सेट ऐकला. पाळी, मेडिकलवाल्याने काळ्या पिशवीत गुंडाळून दिलेलं पॅकेट, ऐन लग्नघरात डाग पडल्यावर मावशीने केलेला आरडाओरडा. भाषा चांगलीच रांगडी, शिव्याही होत्या. हॉलमधल्या बायका डोळे पुसत हसत होत्या, आणि त्यांच्यात मीही. तिची प्रत्येक शिवी त्या पिशवीवर होती, लाजेवर होती.

म्हणून स्वच्छ की अस्वच्छ असं विचारलं की मला उत्तरच देता येत नाही.

(धागाकर्ती: ताई, त्या पर्सबद्दल वाचून थांबले. माझ्या कसोटीत ही गोष्ट बसतच नव्हती, आता बसवावी लागेल.)

छत्रपती संभाजीनगर

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ समोर बसून पाहिलेला मी माणूस. एकटा नट, ५२ व्यक्तिरेखा, गावच्या माणसांची बोली अस्सल. घरातली चारही पिढ्यांची माणसं एका रांगेत बसून हसत होती. असं हसणं मुलांना मिळावं, एवढंच म्हणतो.

न्यू जर्सी

लेनी ब्रूस या अमेरिकन स्टँडअप कॉमिकला न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेबद्दल १९६४ मध्ये दोषी ठरवलं. १९६६ मध्ये तो गेला आणि राज्याने त्याला माफी दिली २००३ मध्ये. मला स्वतःला शिव्यांची कॉमेडी आवडत नाही, मंडळाच्या कार्यक्रमाला आईवडिलांसोबत बसून तर नाहीच. तरीही पोलिसांनी यात पडावं असं मुळीच वाटत नाही. नावडलं तर मी दुसऱ्या शोला जाईन.

नाशिक, छोटे शो आयोजित करते

कंपनीचा शो ठरला की आधी यादी येते: शिव्या नकोत, राजकारण नको, धर्म नको, जात नको. याला ते ‘क्लीन’ म्हणतात. या यादीत घरकामाच्या बाईवरचे, जाड माणसांवरचे, रंगावरचे जोक कधीच नसतात. ते बिनदिक्कत होतात आणि त्यानंतर “छान झाला हं कार्यक्रम” असं सांगून साहेबलोक चेक देतात. एका शोच्या आधी कॉमिकला रस्त्यातल्या खड्ड्यांवरचा अत्यंत सभ्य जोक गाळायला लावला, कारण पाहुण्यांत एक नगरसेवक होते. मला त्याचा राग आजही आहे.

माझ्या स्वतःच्या शोला मी कॉमिकच्या तोंडाला कुलूप लावत नाही. पण पोस्टरवर ‘१८+’ बारीक अक्षरात लपवत नाही, ‘शिव्या आहेत’ असं मराठीत, मोठ्या अक्षरात छापते. दारावर उभी राहून आजीआजोबांना तोंडीही सांगते. काही जण परत जातात, त्यांचे पैसे मी तिथल्या तिथे देते. बरेच जण म्हणतात, “चालतंय गं,” आणि आत जातात.