'स्टार सिस्टीम'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
पुतण्यासाठी 'स्टार वॉर्स'च्या (१९७७) जगातली एक छोटी गोष्ट मराठीत लिहितोय. टॅटुइन हा वाळवंटी ग्रह ज्या सिस्टीममध्ये आहे, तिचं नाव टॅटू. तिथे दोन तारे आहेत, टॅटू १ आणि टॅटू २. पहिल्याच वाक्याला गाडी अडली: 'यान टॅटू सिस्टीममध्ये शिरलं.' 'टॅटू सूर्यमालेत' लिहिलं तर पुतण्या विचारतो, "सूर्य तर आपला ना, तो तिकडे कसा गेला?" शिवाय टॅटू म्हणजे गोंदण का, हेही विचारून झालंय. काय लिहू?

प्रतिसाद
ग्रहमाला. पुस्तकांत इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांसाठीही हाच शब्द येतो. 'तारकासमूह' मात्र चुकूनही नको. मृग, सप्तर्षी हे तारकासमूह; म्हणजे इथून बघताना जुळलेली आकृती. त्यातले तारे प्रत्यक्षात एकमेकांपासून कुठल्या कुठे असतात. तिथे यान 'शिरणार' कसं?

प्रतिसाद
हिंदीवाले सौरमंडल म्हणतात, तसं 'टॅटू मंडळ' कसं वाटतं?

प्रतिसाद
वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन कोणीतरी दारात उभं आहे असं वाटतं. 'तारा-प्रणाली'ही नको, तिला शासन निर्णयाचा वास येतो. माळच बरी. जपमाळेत मेरुमणी असतो तसा मधला तारा. टॅटूच्या माळेला दोन मेरुमणी, इतकंच.

प्रतिसाद
पण ग्रहमालेत ताऱ्याचं नावच येत नाही, ही अडचण आहे. खगोलशास्त्रात स्टार सिस्टीम म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन किंवा अधिक तारे. दोनच असले तर आपला जोडतारा. या कथांमध्ये मात्र सिस्टीम हा भूगोलाचा शब्द आहे. दीर्घिका म्हणजे राज्य, सेक्टर म्हणजे जिल्हा, सिस्टीम म्हणजे तालुका आणि ग्रह म्हणजे गाव. तालुक्याचा उल्लेख आपण बहुतेक वेळा नुसत्या नावानेच करतो. 'यान टॅटूच्या हद्दीत शिरलं' म्हणा, प्रश्न मिटला.

आणि पुतण्याला सांगा, सूर्य एकटा आपलाच नाही. पसायदानात 'चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन' आहे. 'चंद्रमे' सरळसरळ अनेकवचन, मग जोडीचे 'मार्तंड' म्हणजे सूर्यही अनेकच. ज्ञानोबांना अनेक सूर्य चालत होते, तर आपलं दोनाने काय बिघडतं?

प्रतिसाद
थोडं अवांतर. गोंदणाचा इथे संबंध नाही. ट्युनिशियाच्या दक्षिणेला तातावीन नावाचं गाव आहे, त्यावरून टॅटुइन. (चित्रीकरणही ट्युनिशियात झालं होतं.) गावाचं नाव बर्बर भाषेतलं: अर्थ 'डोळे', आणि त्यावरून 'झरे'. फारसीतही चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे झरा. आपल्या नाकावरचा चष्मा त्याच घरातला. कोरड्या ठणठणीत ग्रहाच्या नावात झरा निघाला, मजाच आहे.

प्रतिसाद
कोरड्या ग्रहावरून आठवलं. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मधला (१९६५) अराकिस हा कॅनोपस ताऱ्याचा तिसरा ग्रह. कॅनोपस म्हणजे आपला अगस्ती! व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. हिवाळ्यात संध्याकाळनंतर दक्षिणेला खाली दिसतो. ज्याने समुद्र पिऊन टाकला त्या ऋषीच्या ताऱ्याभोवती पाण्याच्या थेंबाथेंबाला महाग असलेला ग्रह. हर्बर्टच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही, पण मराठीत 'अगस्तीची ग्रहमाला' लिहिलं की ते आपोआप येतं. 'कॅनोपस सिस्टीम'मध्ये ते कुठून येणार? म्हणून खऱ्या ताऱ्यांची नावं तरी मराठीतच ठेवावीत असं माझं मत. टॅटूला असं नाव नाही, तो टॅटूच राहू दे.

मूळ प्रश्नकर्ता
'हद्द' आवडली, पण पुतण्याला ती पोलीस चौकीची वाटली. सध्या असं ठरलंय: 'यान टॅटूच्या ग्रहमालेत शिरलं. समोर दोन्ही सूर्य मावळत होते.'

प्रतिसाद
ग्रहमालेत नुसतं शिरलेल्या यानातून सूर्य मावळताना दिसत नाहीत हो. आधी त्यांना टॅटुइनवर उतरवा.