शब्दचर्चा: ‘मध्यावधी’ की ‘मुदतपूर्व’? ‘अल्पसंख्याक’ की ‘अल्पमतातील’?

प्रश्न (सीताबर्डी): स्पर्धा परीक्षेच्या वर्गात फळ्यावर वाक्य होतं: ‘कॅनडात २०२५ मध्ये मध्यावधी निवडणूक होऊन अल्पसंख्याक सरकार आले.’ दोन्ही शब्द खटकतात. बरोबर काय?

उत्तर (धरमपेठ): ‘अल्पसंख्याक’ आधी खोडा. तो शब्द धर्म, भाषा यांवरून ठरणाऱ्या समाजगटांसाठी आहे. ‘अल्पसंख्याक सरकार’ म्हटलं की वाचणारा भलताच अर्थ घेतो. सरकार ‘अल्पमतातील’. तिथे बहुमताला ३४३ पैकी १७२ जागा हव्या होत्या, लिबरल पक्षाला मिळाल्या १६९.

‘मध्यावधी’ चूक नाही, पण सैल आहे. ठरलेली तारीख २० ऑक्टोबर, मतदान झालं २८ एप्रिलला. शेवटचे सहा महिने म्हणजे मुदतीचा मध्य नव्हे. आपल्याकडे १९७१ ची लोकसभा निवडणूक वर्षभरच आधी झाली, तरी तिला मध्यावधीच म्हणतात, कारण रूढीत ‘मध्येच झालेली’ एवढाच अर्थ उरला. घोळ होतो तो अमेरिकेच्या बातमीत. तिथली मध्यावधी वेळापत्रकाप्रमाणे, अध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध होते. कुठलंही सभागृह विसर्जित होत नाही. म्हणून लवकर घेतलेली असेल तर ‘मुदतपूर्व’ लिहावं.

पुरवणी (रामटेक): ‘अल्पमतातील’ आणि ‘अल्पमतात आलेले’ यांत फरक ठेवा भाऊ. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि इंदिरा गांधींचं चालू सरकार अल्पमतात ‘आलं’. १९९१ च्या मध्यावधीनंतर नरसिंह रावांचं सरकार मात्र सुरुवातीपासूनच अल्पमतातलं. (राव १९८४ आणि १९८९ ला आमच्या रामटेकचे खासदार. १९९१ ला ते लढले नाहीत. पंतप्रधान झाल्यावर नंद्यालहून निवडून आले ती ‘पोटनिवडणूक’. तिला मध्यावधी म्हणू नये, ती एकाच जागेची असते.)

प्रश्न (सीताबर्डी): मग ‘अल्पमतातील सरकारने ठराव बहुमताने जिंकला’ हे वाक्य चालेल?

उत्तर (धरमपेठ): चालेल. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव बघा: बाजूने २५१, विरोधात २६५. सभागृहाच्या एकूण जागांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे २७० च्या वर हवेत, तेवढी मतं रावांकडे नव्हतीच. पण मोजतात ती हजर राहून मत देणाऱ्यांची. एकूण ५१६, त्याचे निम्मे २५८, सरकार तरलं. गैरहजर राहणारा सदस्यही अशा सरकारला वाचवतो. तेव्हा ‘बहुमत’ लिहिताना कशाचं ते सांगा: सभागृहाचं की मतदानाचं.

फळ्यावरचं वाक्य असं करा: ‘कॅनडात २०२५ मध्ये मुदतपूर्व निवडणूक होऊन अल्पमतातील सरकार आले.’